मोठ्या विमानतळांवर सुरक्षित डिजिटल रेडिओ यंत्रणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ॲनालॉग वॉकीटॉकींवरून टेट्रा, पी२५ किंवा डीएमआरसारख्या डिजिटल यंत्रणेकडे जाणाऱ्या विमानतळांसाठी आहेत. एक खुलासा आधीच: एन्क्रिप्शनच्या, म्हणजे बोलणे गुप्त संकेतात बदलण्याच्या, ‘की’ला या क्षेत्रात सगळे ‘की’च म्हणतात, पण लिहिताना दर दुसऱ्या वाक्यात घोटाळा होतो. म्हणून इथे सरसकट ‘किल्ली’.

वैमानिक आणि टॉवर यांचे बोलणेही एन्क्रिप्ट होणार का?

नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा विमान-पट्टा एएमवर चालतो आणि तो मुद्दाम उघडा आहे. कुठल्याही देशाचे विमान कुठेही उतरू शकते, तेव्हा सगळ्यांचे सगळ्यांना ऐकू आले पाहिजे. एएमचा आणखी एक गुण आहे. दोघे एकदम बोलले तर चिरका आवाज येतो आणि कंट्रोलरला कळते की कुणाचे तरी बोलणे दबले. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो आणि पत्ताही लागत नाही.

आपण बोलतोय ते जमिनीवरच्या रेडिओंबद्दल: ॲप्रन (विमाने उभी राहण्याची जागा), बॅगेज, सुरक्षा, अग्निशमन, देखभाल, टर्मिनल. धावपट्टी किंवा टॅक्सीवेवर जाणाऱ्या गाडीत विमान-पट्ट्याचा आणि डिजिटल, असे दोन्ही सेट लागतात. ‘आता डिजिटल आले’ म्हणून विमानाला वाट दाखवणाऱ्या फॉलो-मी गाडीतला विमान-पट्ट्याचा व्हीएचएफ सेट काढणे ही खरोखर होणारी चूक आहे. जुना सेट काढण्याच्या यादीत त्याचे नाव चुकून येते. यादी करतानाच विमान-पट्ट्याचे सेट वेगळे काढा.

ॲनालॉगमध्ये नेमका धोका कोणता? ऐकले कुणी तर काय बिघडते?

ऐकण्यापेक्षा बोलण्याचा धोका मोठा. ॲनालॉग चॅनेलची फ्रिक्वेन्सी आणि त्यावरचा सीटीसीएसएस टोन (बोलण्यासोबत जाणारा ठरावीक सूर) कळला की कुणीही स्वस्तातल्या हँडसेटवरून तुमच्या माणसांना आदेश देऊ शकतो. सीटीसीएसएसला बरेच जण ‘प्रायव्हेट लाइन’ समजतात. तो फक्त स्पीकर कधी उघडायचा एवढेच ठरवतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मागा. एन्क्रिप्शन ऐकणाऱ्याला अडवते. ऑथेंटिकेशन घुसणाऱ्याला अडवते: हँडसेट आपलाच आहे हे यंत्रणा तपासते आणि, परस्पर ऑथेंटिकेशन घेतले असेल तर, यंत्रणा खरी आहे हे हँडसेटही तपासतो. निविदेत नुसते ‘सुरक्षित’ लिहिले तर पहिली मिळते आणि दुसरी ‘पर्यायी लायसन्स’ म्हणून नंतर विकत घ्यावी लागते.

टेट्रा, पी२५ की डीएमआर?

टेट्रामध्ये २५ किलोहर्ट्झच्या एका कॅरिअरवर (रेडिओ वाहिनीवर) चार टाइम-स्लॉट, म्हणजे चार बोलण्यांची जागा. डीएमआर आणि पी२५ फेज २ मध्ये १२.५ किलोहर्ट्झवर दोन. म्हणजे फ्रिक्वेन्सीची बचत सारखीच. पी२५ फेज १ मात्र १२.५ मध्ये एकच बोलणे देतो. खरा फरक इतरत्र आहे. टेट्राचे हँडसेट साधारण १ ते १.८ वॅटचे, तर डीएमआर आणि पी२५ चे यूएचएफ हँडसेट ४ ते ५ वॅटपर्यंत. त्यामुळे टेट्राला बेस स्टेशन्स जास्त लागतात, पण कमी जागेत खूप माणसे असतील तिथे ते पथ्यावरच पडते.

आमचा कल असा: हजारभर हँडसेट, अनेक खाती आणि दाट इमारती असतील तर टेट्रा; शहराची पोलीस आणि अग्निशमन यंत्रणा आधीच पी२५ वर असेल तर पी२५. डीएमआर वाईट नाही, पण त्यात ‘बेसिक प्रायव्हसी’ नावाखाली जे मिळते ते १६ बिटांचे असते आणि त्याला एन्क्रिप्शन म्हणणे धाडसाचे. डीएमआर घ्यायचेच असेल तर एईएस-२५६ (२५६ बिटांच्या किल्लीचे एन्क्रिप्शन) शिवाय घेऊ नका, आणि ते हँडसेटच्या किमतीत धरले आहे का हे पाहा.

टेट्राचे एन्क्रिप्शन फुटले असे वाचले. मग घ्यायचे कशाला?

जुलै २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या डच संस्थेच्या संशोधकांनी टेट्रातल्या पाच त्रुटी जाहीर केल्या. त्यातली विमानतळांना सर्वात जास्त झोंबणारी त्रुटी टीईए१ या टेट्राच्या एन्क्रिप्शन अल्गोरिदमची. कागदावर ८० बिटांची किल्ली, पण आतल्या आत ती ३२ बिटांवर आणली जाते. ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. साध्या संगणकाला हे काही मिनिटांचे काम. आणि टीईए२ युरोपातल्या पोलीस-अग्निशमन यंत्रणांपुरता राखीव असल्याने व्यापारी ग्राहकांच्या, म्हणजे कित्येक विमानतळांच्याही, वाट्याला टीईए१ च आला.

उपाय दोन. एक, टीईए१ वर अवलंबून न राहता त्यावर एंड-टू-एंड, म्हणजे हँडसेटपासून थेट हँडसेटपर्यंतचे, एन्क्रिप्शन चढवणे. दुसरा, टीईए५ पासूनच्या नव्या अल्गोरिदमला चालणारी बेस स्टेशन्स आणि हँडसेट घेणे. त्याच संशोधकांनी २०२५ मध्ये एका एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्येही किल्ली ५६ बिटांवर आणलेली दाखवली. म्हणून निविदेत ‘एईएस-१२८’ एवढ्यावर थांबू नका. ‘किल्लीची परिणामकारक लांबी किती आणि ती कुठेही कमी केली जात नाही’ असे उत्पादकाकडून लेखी घ्या. या एका वाक्यावर काही विक्रेते विलक्षण शांत होतात.

हवेतले एन्क्रिप्शन आणि एंड-टू-एंड यात काय निवडायचे?

हवेतले एन्क्रिप्शन हँडसेट ते बेस स्टेशन एवढेच झाकते. पुढे केबलमधून आणि सर्व्हरमधून आवाज उघडा जातो. टेट्रात त्याचे तीन वर्ग आहेत. वर्ग १ मध्ये एन्क्रिप्शनच नाही. वर्ग २ मध्ये सगळ्यांची एकच स्थिर किल्ली. वर्ग ३ मध्ये ऑथेंटिकेशनच्या वेळी प्रत्येक हँडसेटसाठी नवी किल्ली तयार होते. मोठ्या विमानतळाला वर्ग ३ च हवा.

एंड-टू-एंड सगळ्यांना देऊ नका. सुरक्षा, तपास आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या हालचाली एवढ्या गटांना पुरे. कारण तांत्रिक आहे: एंड-टू-एंड गटाचे बोलणे रेकॉर्डरमध्ये बंद स्वरूपातच साठते. डिस्पॅच कन्सोलवर (नियंत्रण कक्षातल्या सेटवर) उघडून रेकॉर्ड केले नाही, किंवा त्या दिवसाची किल्ली जपून ठेवली नाही, तर सहा महिन्यांनी चौकशीत ‘ऐकवा’ म्हटल्यावर खरखर ऐकू येते. हँडओव्हरच्या आधीच महिन्याभरापूर्वीचे एक एन्क्रिप्टेड संभाषण वाजवून दाखवायला सांगा. वाजले नाही तर सही करू नका.

किल्ल्या कोण सांभाळणार आणि किती दिवसांनी बदलायच्या?

सगळा प्रकल्प इथेच तरतो किंवा बुडतो. जबाबदार अधिकारी एक, पर्यायी अधिकारी एक, आणि किल्ली तयार करण्यासाठी दोघे हजर असण्याचा नियम. किल्ल्या पुरवठादाराने ठेवायच्या नाहीत. त्याच्या चाचणीच्या किल्ल्या वापरात येण्याआधी पुसायच्या. किल्ली भरण्याचे यंत्र तिजोरीत, आणि ते बाहेर काढल्याची नोंद वहीत. हो, कागदाच्या वहीत. यंत्रणा बंद असतानाही ती वाचता येते.

गटाच्या किल्ल्या ठरावीक मुदतीने आणि प्रत्येक हरवलेल्या हँडसेटनंतर बदला. हवेतून किल्ली बदलण्याची सोय, म्हणजे ओटीएआर, सुरुवातीलाच घ्या. १२०० हँडसेट एकेक करून केबलला जोडायचे, प्रत्येकी चार मिनिटे धरली तर ८० तास होतात. ओटीएआर असले तरी त्या रात्री रजेवरच्या माणसाचा हँडसेट लॉकरमध्ये बंद पडलेला असतो. म्हणून जुनी आणि नवी किल्ली दोन्ही हँडसेटमध्ये काही दिवस राहू द्या, रोज ‘नवी किल्ली न पोचलेले’ अशी यादी काढा आणि ती शून्यावर आल्यावरच जुनी पुसा. यादी शून्यावर आणणे हे तांत्रिक काम नाही, पाठपुराव्याचे आहे. त्याला माणूस नेमा.

एन्क्रिप्शन चालू-बंद करण्याचे बटण हँडसेटवर ठेवायचे का?

ठेवू नका. २०११ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या केंद्रीय यंत्रणांचे पी२५ रेडिओ ऐकले, तेव्हा एन्क्रिप्शन चालू आहे अशा समजुतीत लोक उघड्यावर संवेदनशील गोष्टी बोलताना सापडले. कारण साधे: बारीक चिन्हाचा स्विच, आणि एकाचा स्विच उघडा असला तरी संभाषण बिनबोभाट चालू राहते. प्रोग्रामिंगमध्ये गटच असा बांधा की सुरक्षा गटावर फक्त एन्क्रिप्टेड बोलता येईल, बाहेरच्या दलांसाठीच्या परस्पर-मदत गटावर फक्त उघडे.

किती चॅनेल लागतील?

गटांवरून काढा, हँडसेटच्या संख्येवरून नाही. समजा ४० गट, गर्दीच्या तासाला प्रत्येकी ४५ कॉल, सरासरी ५ सेकंदांचे. ४० × ४५ × ५ भागिले ३६०० = २.५ अरलँग (एक अरलँग म्हणजे तासभर सतत व्यापलेला एक चॅनेल). टेट्राच्या एका कॅरिअरवर एक स्लॉट नियंत्रणाला जातो आणि बोलायला तीनच उरतात. किती कॉल रांगेत थांबतील हे सांगणाऱ्या अरलँग-सी सूत्राने पाहिले तर १०० पैकी ७० कॉलना थांबावे लागेल. दुसरा कॅरिअर जोडा: सात स्लॉट, आणि थांबणारे १०० पैकी दोनही नाहीत. आता आणीबाणीत बोलणे दुप्पट झाले असे धरा. ५ अरलँगवर तेच सात स्लॉट १०० पैकी ३२ जणांना थांबवतात. म्हणून तिसऱ्या कॅरिअरची जागा कॅबिनेटमध्ये आणि परवान्यात आधीच ठेवा.

यात एक खोच आहे आणि ती हमखास चुकते. गटातली माणसे तीन साइटवर (बेस स्टेशनच्या जागांवर) विखुरली असतील तर एकच कॉल तिन्ही साइटवर एकेक स्लॉट खातो. कुणी तरी सुपरवायझर दूरच्या कार्गोकडे फेरी मारत असताना टर्मिनलचे दहा गट स्कॅन करतो आणि तिथली साइट विनाकारण भरते. स्कॅन यादी कमाल तीन-चार गटांची ठेवा, आणि प्रत्येक गट कोणत्या साइटवर उघडेल हे मर्यादित करा.

तळघरात आणि बॅगेज हॉलमध्ये आवाज तुटतो. का?

ॲनालॉगमध्ये खरखर वाढत जाते, माणूस आपोआप दोन पावले सरकतो. डिजिटलमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत आवाज स्वच्छ, आणि मग एकदम शब्द गायब. इशारा मिळत नाही, म्हणून लोकांना वाटते नवी यंत्रणा जुन्यापेक्षा वाईट.

मोजणी दोन्ही दिशांनी करा. बेस स्टेशनचा आवाज तळघरात पोचतो. हँडसेटचा एक वॅट परत वर पोचत नाही. मोजताना हँडसेट हातात उंच धरू नका. कमरेच्या पट्ट्याला, अंगाला चिकटलेला, वर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, असा ठेवा. शरीरच कित्येक डेसिबल खाते. टेट्रा हँडसेटची चालत्या स्थितीतली मानक संवेदनशीलता, म्हणजे ऐकू येण्यासाठी लागणारी किमान सिग्नल-ताकद, उणे १०३ डीबीएम आहे. नियोजन त्या आकड्यावर केले तर काठावर उभे आहात. वर किमान १५ डेसिबल राखीव ठेवा. आवाजाचा दर्जा डीएक्यू (बोलणे किती कळते याची श्रेणी) ३.४ मागा, म्हणजे क्वचितच पुन्हा विचारावे लागेल असा. धातूचा थर असलेली टर्मिनलची काच, लिफ्टचे शाफ्ट, कन्व्हेयरचे बोगदे आणि इंधन हायड्रंटचे पंपघर, या चार जागा स्वतंत्रपणे तपासा.

तळघराला उपाय दोन: लांब बोगद्यात लीकी फीडर (वाटेत सिग्नल झिरपवणारी केबल), खोल्या-खोल्यांच्या भागात छोटे अँटेना आणि त्यामागे बीडीए (दोन्ही दिशांचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर). बीडीए लावताना बाहेरच्या आणि आतल्या अँटेनातले आयसोलेशन (सिग्नल एकमेकांपासून तोडण्याचे प्रमाण) ॲम्प्लिफायरच्या गेनपेक्षा (वाढीपेक्षा) किमान १५ डेसिबल जास्त हवे. ८० डेसिबल गेन असेल तर ९५. कमी पडले की बीडीए स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळू लागतो आणि अख्ख्या साइटचा रिसीव्हर बहिरा होतो. गेन कमी करा, आकड्याचा हट्ट धरू नका.

छतावर जुने ट्रान्समीटर तसेच राहिले तर चालतील का?

गणित करून मगच. दोन ट्रान्समीटर मिळून तिसरी फ्रिक्वेन्सी तयार होते: पहिल्याची दुप्पट वजा दुसरी. बेस स्टेशन ४२०.५ वर पाठवते आणि त्याचा रिसीव्हर १० मेगाहर्ट्झ खाली, ४१०.५ वर ऐकतो. शेजारी ४३०.५ चा जुना ट्रान्समीटर असेल तर २ × ४२०.५ − ४३०.५ = ४१०.५. नेमका आपलाच कान. गंजलेला नट-बोल्ट किंवा सैल क्लॅम्पही असे मिश्रण तयार करतो, म्हणून नव्या उपकरणाला दोष देण्यापूर्वी मास्टवर चढून हार्डवेअर पाहा. आणि मास्टची उंची? विमानांच्या वाटेसाठी मोकळ्या ठेवायच्या अडथळा-मर्यादा पृष्ठभागांच्या आराखड्यात बसते का, हे ठेका देण्याआधी विचारा.

इंजिनाच्या आवाजात काहीच कळत नाही, अशी तक्रार येते.

हँडसेटमधला व्होकोडर (आवाज डिजिटल करणारा भाग) माणसाच्या आवाजाचे मॉडेल बांधून तेवढेच पाठवतो. मायक्रोफोनमध्ये एपीयूचा (विमानाच्या सहायक इंजिनाचा) आवाज बोलण्याइतकाच जोरात शिरला तर मॉडेल गोंधळते आणि पलीकडे पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येते. ओरडून उपयोग नाही, उलट बिघडते. नॉइज सप्रेशन असलेला रिमोट मायक्रोफोन तोंडापासून तीन-पाच सेंटीमीटरवर, साध्या आवाजात. आणि बटण दाबल्यावर टोन येईपर्यंत थांबायचे. हा टोन न ऐकता बोललेल्यांचे पहिले शब्द कापले जातात: ‘थांबू नका’ मधले ‘थांबू’ गेले तर नुसते ‘नका’ उरते, आणि ‘पुढे येऊ नका’ मधला शेवट आधीच बटण सोडल्याने गेला तर अर्थच उलटतो. म्हणून आदेशाचे शब्दच बदला. ‘थांबा, थांबा, थांबा’ असे नकाराशिवाय, तीनदा.

बदल कोणत्या क्रमाने करायचा?

आधी मोजदाद: कोणत्या खात्याकडे किती हँडसेट, गाड्यांतले किती, आणि खरोखर वापरात किती. मग प्रत्येक खात्याबरोबर बसून गट ठरवा. जुन्या चॅनेलची हुबेहूब नक्कल करू नका. पंधरा वर्षांत साचलेली अडगळ नव्या घरात येते. गटांची नावे पडद्यावर पूर्ण मावतील एवढीच ठेवा.

नंतर जुनी-नवी यंत्रणा समांतर, मध्ये दोन्हींना जोडणारा गेटवे. सुरुवात पार्किंग आणि स्वच्छतेपासून, मग देखभाल, बॅगेज, ॲप्रन, सुरक्षा. अग्निशमन सर्वात शेवटी. धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचण्याचे उद्दिष्ट असलेल्या दलावर अर्धवट तपासलेली यंत्रणा लादायची नसते. प्रत्येक खाते कमी उड्डाणांच्या रात्री हलवा आणि परत फिरण्याची वेळ आधी ठरवा: पहाटे साडेतीनपर्यंत सगळे गट वाजले नाहीत तर जुन्यावर परत, चर्चा नाही.

गेटवे फार काळ ठेवू नका. दोन्ही बाजू डिजिटल असतील तर आवाज दोनदा आवळला जातो आणि कळेनासा होतो. शिवाय एन्क्रिप्टेड गट जुन्या ॲनालॉग चॅनेलला जोडला की तो सगळ्यांसाठी उघडा झाला, हे जोडणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

सर्व्हर किंवा लिंक तुटली तर?

बेस स्टेशन एकटे चालू राहते, पण त्याच्या टप्प्यापुरतेच. कन्सोल तुटलेले असते. त्याहीपलीकडे डायरेक्ट मोड, हँडसेट ते हँडसेट. दोन्ही महिन्यातून एकदा प्रत्यक्ष करून पाहा. इथली ठरलेली चूक: डायरेक्ट मोडच्या वेगळ्या किल्ल्या भरायच्या राहून गेलेल्या असतात, आणि ते लिंक तुटल्यावरच कळते. साइटची जीपीएस अँटेना झाकली गेली किंवा जॅम झाली तर काही तासांनी घड्याळे सरकू लागतात. तो अलार्म ‘किरकोळ’ गटात टाकलेला नाही ना, हेही पाहून घ्या.

बाहेरचे अग्निशमन दल आले तर ते कसे बोलणार?

एन्क्रिप्टेड गटात त्यांना शिरता येणार नाही, म्हणून आधी ठरवा. दोन-तीन परस्पर-मदत गट उघडे ठेवा, आणि प्रवेशद्वारावर चार्ज केलेल्या वीस-पंचवीस हँडसेटची पेटी ठेवा. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात गटाचे नाव. पेटी कोण चार्ज करतो हे लिहिलेले नसेल तर ती गरजेच्या दिवशी रिकामी निघते.

हँडसेट हरवला. पहिल्या तासात काय करायचे?

तो शेवटचा कुठल्या साइटवर नोंदला गेला ते पाहा. हँडसेट तात्पुरता बंद करणारा ‘स्टन’ आदेश पाठवा आणि पोचल्याची पावती तपासा. पावती आली नाही याचा अर्थ हँडसेट बंद किंवा टप्प्याबाहेर आहे आणि त्यातल्या किल्ल्या शाबूत आहेत असे धरा. अशा वेळी यंत्रणेतली त्याची नोंद बंद करा आणि त्याच्याकडे असलेल्या सर्व गटांच्या किल्ल्या बदला. कायमचा ‘किल’ घाईत देऊ नका. तो परत फिरवता येत नाही, आणि हरवलेले बरेच हँडसेट संध्याकाळी कुठल्या तरी ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडतात. हरवल्याची खबर देणाऱ्याला पहिल्यांदा दंड करू नका. दंडाच्या भीतीने लोक तीन दिवस गप्प बसतात, आणि ते तीन दिवस महाग पडतात.

इंधन विभागासाठी वेगळे हँडसेट लागतात का?

हो, धोकादायक क्षेत्रासाठी प्रमाणित, एटेक्स किंवा आयईसीईएक्स खूण असलेले. बॅटरी आणि मायक्रोफोनही त्याच प्रमाणपत्रातले हवेत. साधी बॅटरी लावली की प्रमाणपत्र रद्द. अशा क्षेत्रात बॅटरी बदलायची नाही, चार्ज करायची नाही. ओळखायला सोपे जावे म्हणून वेगळ्या रंगाचा चार्जर-रॅक ठेवा, नाहीतर शिफ्ट बदलताना अदलाबदल होतेच.

जुने हँडसेट विकायचे की मोडीत काढायचे?

आधी प्रोग्रामिंग पुसा, मग अनुक्रमांक यादीशी जुळवा. न पुसलेल्या हँडसेटमध्ये फ्रिक्वेन्सी, टोन आणि खात्यांची नावे सगळे असते. लिथियम बॅटऱ्या सुट्या करून, टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पाठवा. आणि जुन्या चॅनेलचे परवाने परत करण्याआधी दोन आठवडे ते चॅनेल ऐका. एखादा पंपघरातला किंवा गेटवरचा विसरलेला सेट अजून त्यावर बोलत असतो.